मुक्ताची हॉकी आणि माझी शाल

ऑस्ट्रेलियात पाणी गवताला घालत नाहीत, प्लास्टिकला घालतात. बार्शीला परत आल्यावर मी हे कट्ट्यावर सांगितलं, तर एकाचाही विश्वास बसला नाही. "आबा, विमानात काय पाजलं तुम्हाला?" म्हणून सगळे हसले. म्हणून हे लिहून काढतोय. माझं शिक्षण चौथी. जोडाक्षरं चुकतील. पण जे पाहिलं ते पाहिलं. खोटं लिहून मला कुठली निवडणूक लढवायची नाही.

तिथला पूल पाहिला, समुद्र पाहिला, कांगारू पाहिलं. ते फोटोत तुम्हीही पाहिलंय, त्यावर मी शाई घालवत नाही. माझा सगळा प्रवास एकाच काळजीत गेला. नातीला हॉकीच्या मोठ्या संघात जागा मिळते का नाही, ही ती काळजी. तेच सांगतो.

आधी माझं थोडं. मी नगरपालिकेत वॉलमन होतो. टाकीचं पाणी कुठल्या गल्लीला कधी सोडायचं, तो लोखंडी चावीचा दांडा फिरवणारा माणूस. आमच्याकडं पाणी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. वॉल सोडला की बाकीचे वॉलमन घरी जाऊन आडवे व्हायचे. मी सायकलवर टांग टाकून गल्लीच्या शेवटच्या घरी जायचो, अन् तिथला नळ फुसफुसेपर्यंत उभा राहायचो. शेवटच्या घरी धार लागली की मग माझं काम झालं. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं. नारळ खाल्ला. शालीची घडी मात्र मोडली नव्हती, प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटात होती. "ऑगस्टमध्ये इथं कडाक्याची थंडी असते," असं पोरानं फोनवर सांगितलं, म्हणून ती बॅगेत घातली.

ग्लेन वेव्हर्ली

माझा मुलगा संजय मेलबर्नमध्ये ग्लेन वेव्हर्ली नावाच्या भागात राहतो. शिकायला म्हणून गेला, तो तिथलाच झाला. कॉम्प्युटरचं काम करतो. सून मीनल पुण्याची, ती लॅबमध्ये रक्त तपासते. त्यांची एकुलती एक मुक्ता, एकोणीस वर्षांची. मला 'आबा, तू' म्हणते. आमच्या घरात माझ्या सख्ख्या भावानंही मला 'तू' म्हटलं नाही. पण हिच्या तोंडून ते गोड लागतं.

विमानतळावर एका बाईनं माझ्या काळ्या मसाल्याची बरणी उघडून वास घेतला. तिला ज्या शिंका लागल्या, त्या मोजायच्या राहिल्या. हात करून म्हणाली, जा बाबा.

पहिले दोन दिवस मी खिडकीत बसून माणसाची वाट बघितली. रस्ता नुसता मोकळा. घराचं शटर उघडतं, गाडी बाहेर येते, जाते. गाडीत माणूस असणार, पण तो दिसायला पाहिजे ना! संजय म्हणाला, "आबा, चांगल्या शाळा आहेत म्हणून लोक इथं घरं घेतात." म्हटलं, "शाळा चांगल्या आहेत, पण पोरं कुठं आहेत?" पोरं क्लासला होती. ते मात्र अगदी आपल्यासारखंच.

मुक्ता संध्याकाळी यायची ती भिजून, खांद्याला स्टिकची लांब पिशवी. दोन्ही गुडघे सोललेले.

"हे काय गं?"

"टर्फ बर्न, आबा. नो वरीज."

"अगं कातडी गेलीय."

"परत येते ती," म्हणाली अन् बाजरीच्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकून अंघोळीला पळाली. बाजरीचं पीठ तिथं मिळतं. आपल्यापेक्षा पांढरं असतं, अन् भाकरी जरा चिरते.

तिची हकीकत मला संजयनं सांगितली. पोरगी लहानपणापासून खेळते. राज्याच्या पंधराखालच्या संघाला नाव दिलं, निवड नाही. सतराखालच्या, निवड नाही. नंतर पुन्हा एकदा, पुन्हा नाही. तिच्याबरोबरच्या पोरी पुढं गेल्या. ही क्लबात खेळत राहिली.

"खेळात कमी पडते का?" मी विचारलं.

"तसं नाही आबा. ती डिफेंडर आहे. गोल करत नाही. उंचीही बेताची. समोरच्यांचा बॉल तिच्या बाजूनं पुढं जातच नाही, मग ते दुसऱ्या बाजूनं जातात. निवड करणाऱ्यांना ती दिसतच नाही."

मला हे लगेच कळलं. पाणी आलं नाही की अख्खी गल्ली वॉलमनला शोधते. आलं तर त्याचं नावही कुणाला आठवत नाही.

पण यंदा एक झालं होतं. तिथं पैसे देऊन खेळवणारी मोठी लीग असते, टीव्हीवर दाखवतात. त्या लीगच्या मेलबर्नच्या संघात शॅरन नावाची एक कोच आहे. एकेकाळची मोठी खेळाडू. तिनं क्लबात मुक्ताला पाहिलं आणि संघाच्या सरावाला बोलावलं. संघात डिफेंडरची एक जागा रिकामी होती. निवड करणारे तिघं, शॅरन त्यातली एक.

"ही शेवटची ट्राय," मीनल भाजी चिरता चिरता म्हणाली. "नाही झालं तर पुढच्या वर्षी ब्रिस्बेनला जायचं. स्प्रिंगफील्ड लेक्सला माझी बहीण आहे, तिच्याकडं राहून फिजिओथेरपीला ॲडमिशन घ्यायची. आबा, तुम्ही तरी समजवा तिला."

"मम्मी, डील झालंय ना आपलं?" मुक्ता आतून ओरडली. "नाही झालं तर स्टिक गॅरेजमध्ये. प्रॉमिस."

तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. त्यामुळंच मला जास्त लागलं.

मैदान

शनिवारी तिच्या क्लबच्या सामन्याला गेलो. मैदान निळं. आकाशापेक्षा निळं. गवत म्हणून हात लावला तर प्लास्टिकचा गालिचा. आणि सामन्याआधी चारी बाजूंनी फवारे उडाले, अन् त्या प्लास्टिकवर पाणी, पाणी, पाणी! माझा जीव वरखाली झाला. मी धावत गेलो. पंपाच्या खोलीपाशी टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता, माझ्याच वयाचा. मी हातानं खूण केली, बंद कर, बंद कर!

तो म्हणजे केव्ह. क्लबचं कुलूप उघडणं, पाणी मारणं, कॅन्टीन चालवणं, सगळं तो करतो, अन् पगार एक पैसा नाही. त्याच्या पोरी तिथं खेळायच्या, त्या मोठ्या होऊन लांब गेल्या, हा राहिला. त्यानं मला न रागावता एक बॉल कोरड्या जागी ढकलून दाखवला, मग ओल्या जागी. ओल्यावरून बॉल सुळकन गेला. कोरड्यावर पोरी पडल्या तर कातडी आणखी जाते, हे त्यानं स्वतःच्या गुडघ्यावर हात घासून सांगितलं. पाणी जमिनीखालच्या टाकीत परत येतं, पावसाचंही त्यातच जातं. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "आय, वॉटर मॅन. इंडिया. ऑल लाइफ."

त्यानं डोळे बारीक केले. मग बाजूला झाला अन् वॉलच्या चाकाकडं बोट दाखवलं. "गो ऑन, मेट."

परदेशात जाऊन मी वॉल फिरवला. तिकडं चाक आहे, आपल्यासारखा दांडा नाही. पण हाताला ते लगेच कळतं.

मुक्ताचा खेळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. समोरच्यांना शॉर्ट कॉर्नर, म्हणजे गोलासमोरून जोरात फटका मारायची खास संधी, मिळाला की हिच्याकडच्या पोरी तोंडाला जाळीचे मुखवटे बांधून गोलात उभ्या राहतात, अन् बॉल सुटला की सगळ्यात आधी आमची मुक्ता त्या मारणारीवर सरळ धावत जाते. म्हणजे बंदुकीच्या तोंडावर. पण बॉल तिच्या स्टिकला लागून बाजूला गेला. टाळ्या गोलकीपरला मिळाल्या. केव्ह माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "मूक्स. एव्हरी टाइम." तिकडं मुक्ताला मूक्स म्हणतात. नाव अर्धं केल्याशिवाय त्यांना प्रेम करता येत नाही.

सकाळी शाळेआधी एकटीला सराव करता यावा म्हणून हा केव्ह कित्येक वर्षं अंधारात येऊन तिला फाटक उघडून देत होता, हे मला नंतर कळलं. तिनं घरी कधी सांगितलंच नव्हतं.

वेंटवर्थव्हिल

सप्टेंबरात मोठ्या संघाचा सरावाचा सामना सिडनीला होता. संजयनं रजा काढली. सामनाही होईल अन् आबांना सिडनीही दाखवता येईल. आम्ही गाडीनं गेलो अन् वेंटवर्थव्हिल नावाच्या भागात त्याच्या मित्राकडं उतरलो. तिथल्या मुख्य रस्त्यावर उतरल्यावर मला बरं वाटलं. माणसं दिसली! डोशाचा वास, मिठाईची दुकानं, फुटपाथवर उभं राहून मोठ्यानं फोनवर बोलणाऱ्या बायका. जेवण झकास झालं. फक्त पाणीपुरी प्लास्टिकच्या ताटलीत मोजून देतात अन् वर सुकी पुरी देत नाहीत, हे मला पटलं नाही.

मी किराणा दुकानात शिरून नारळ मागितला. किसलेला आहे, गोठवलेला आहे, डब्यातला आहे. सोललेलाही आहे, पण बिनशेंडीचा.

"शेंडीवाला नहीं?"

"अंकल, अंदर से सब सेम है."

"अंदर का मेरे को क्या करना है?" मी म्हटलं. शेवटी त्यानं आतून एक शोधून आणला. चिमूटभर शेंडी होती. चालवून घेतलं.

संजयनं विचारलं, "नारळ कशाला, आबा? नारळी पौर्णिमा तर झाली." मी म्हटलं, "समुद्र काय पळून गेला का?" त्याला वाटलं समुद्राला वाहायचा आहे. मीही वाटू दिलं.

सामना झाला. मुक्ता शेवटचा थोडा वेळ खेळली, चांगली खेळली. सामना संपल्यावर शॅरन तिच्याबरोबरच्या दोघा निवड करणाऱ्यांशी बोलत उभी होती. एक टकला उंच माणूस, अन् चष्म्याची एक बाई. मी पिशवी घेऊन सरळ चालत गेलो. पिशवीतून शाल काढली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा घडी मोडली. शॅरनच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, हात जोडले.

बाई गोंधळली, पण हसली. "ओह! दॅट्स सो लव्हली!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर फोटो काढले. मला चेव आला. मी म्हटलं, "यू टीचर. मुक्ता. थँक यू." आणि मग जाता जाता अंगठा वर करून म्हणालो, "टीम. मुक्ता. ओके?"

टकल्या माणसानं चष्म्याच्या बाईकडं पाहिलं. शॅरनचं हसू तोंडावरच होतं, पण डोळ्यांतून गेलं. मागं वळून पाहिलं तर मुक्ता दगडासारखी उभी.

संध्याकाळी तिला शॅरनचा फोन आला. ती बाहेर जाऊन बोलली. आत आली, चप्पलसुद्धा काढली नाही.

"आबा, तू काय केलंस कळतंय का तुला?"

"सत्कार केला. गुरूला मान दिला."

"शी इज नॉट माय गुरू! ती सिलेक्टर आहे. सिलेक्शन व्हायच्या आधी गिफ्ट? आणि वर 'टीम, मुक्ता, ओके'? सगळ्यांसमोर?"

"एका नारळात कोण विकलं जातं गं?"

"इथं तसंच बघतात, आबा," संजय म्हणाला. तो सहसा माझ्याशी वर मान करून बोलत नाही.

मुक्ता खाली बसली. आवाज अगदी बारीक झाला. "तिनं ऑफिसला सांगितलंय. शाल, नारळ सगळं जमा केलंय. माझ्याबद्दल ती आता मीटिंगमध्ये एक शब्द बोलणार नाही. रूल आहे. आबा, इतकी वर्षं मला कुणी बघितलं नाही. एकटी ती बघायची. आता तीच गप्प."

मी म्हटलं, "आमच्याकडं मान आधी देतात. मागून दिलेला मान म्हणजे मजुरी."

हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. पण त्या पोरीच्या तोंडाकडं बघून ते मी त्या दिवशी पुन्हा बोललो नाही.

परतीच्या वाटेवर हमरस्त्यावर पाय नावाचा पदार्थ खाल्ला. मैद्याच्या वाटीत गरम सारण असतं. मी बटाट्याचा घेतला. चांगला असावा. गाडीत कुणी बोलत नव्हतं, अन् न बोलता खाल्लेलं मला आठवत नाही.

कांद्याचं खातं

चार दिवसांनी संजयनं सांगितलं की शॅरन बाजूला झाली, म्हणून उरलेले दोघं येत्या शनिवारी क्लबची सेमीफायनल बघायला येणार आहेत. आता दुसऱ्याच्या सांगण्यावर चालणार नाही, त्यांना मुक्ता आपल्या डोळ्यांनी बघावी लागणार.

"मग चांगलंच झालं की!" मी म्हणालो.

मुक्ता बूट पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, शनिवारी तू येऊ नको. प्लीज."

मी म्हटलं, "नाही येत. तिकीट बदल माझं, मी उद्याच बार्शीला जातो."

"आबा, ड्रामा नको."

रात्रीची भाकरी मी खाल्ली नाही. दूध मात्र प्यालो.

शुक्रवारी केव्हचा संजयला फोन आला. शनिवारी गर्दी होणार, कॅन्टीनमध्ये कांदा परतायला माणूस कमी आहे, तुझा बाबा येईल का? तो मैदानावर नसेल, कॅन्टीनमध्ये असेल. कॅन्टीनची खिडकी पार्किंगच्या बाजूला आहे, तिथून मैदान दिसतसुद्धा नाही.

मी मुक्ताकडं पाहिलं. म्हटलं, "मैदानावर येणार नाही असा शब्द दिलाय. कॅन्टीन म्हणजे मैदान नव्हे."

ती हसू दाबून म्हणाली, "बाहेर यायचं नाही."

"नाही."

"कुणाला काही द्यायचं नाही."

"कांदा तरी?"

"कांदा दे."

तिकडं प्रत्येक मैदानावर हा प्रकार असतो. तव्यावर सॉसेज भाजायचं, एकाच ब्रेडमध्ये तिरकं गुंडाळायचं अन् वर परतलेला कांदा घालायचा. त्या सॉसेजला मी शिवलो नाही. कांदा माझा. केव्हचा कांदा नुसता पांढरा, अळणी. मी खिशातून पुडी काढून थोडा काळा मसाला टाकला. केव्हनं चाखला, लाल झाला, खोकला, पाणी प्याला, अन् म्हणाला, "लीव्ह इट, मेट." म्हणजे असाच असू दे.

सामना सुरू झाला. मी तव्यासमोर, पाठीमागं भिंत, भिंतीपलीकडं मैदान. मला नुसतं ऐकू येत होतं. शिट्टी. पोरींचा आरडाओरडा. स्टिकचा टक् आवाज. गोल झाला की बॉल गोलाच्या मागच्या लाकडी फळीवर आदळतो अन् 'धाड' असा आवाज होतो, हे केव्हनं मला आधी शिकवलं होतं. पहिला धाड आपल्या बाजूनं झाला. केव्ह दारातून डोकावून आला अन् उलथनं वर करून नाचला.

मध्यंतरात खिडकीपाशी रांग लागली. मी ब्रेडवर कांदा घालत होतो, अन् मान वर केली तर समोर तो टकला माणूस. निवड करणारा.

त्यानं मला ओळखलं. मी त्याला ओळखलं. तो खांबासारखा, मी खांबासारखा. मागं लोक थांबलेले.

माझ्या चमच्यात कांदा होता. सगळ्यांना मी जेवढा घालत होतो तेवढाच. एक क्षण हात थबकला. घरी आलेल्या माणसाला कमी वाढायची आम्हाला सवय नाही. बार्शीत असतो तर त्याच्या ताटात दोन चमचे जास्त पडले असते. पण मी तो चमचा काठावर नीट निपटला, सगळ्यांना घातला तेवढाच कांदा घातला, अन् ब्रेड पुढं केला. त्यानं पैसे दिले. मी उरलेले सुट्टे परत दिले. चार पावलं गेल्यावर तो घास घेऊन खोकला. त्याला माझा इलाज नव्हता.

उत्तरार्धात समोरच्यांनी बरोबरी केली. तो धाड ऐकून केव्हनं टोपी काढून टेबलावर आपटली. मग थोडाच वेळ उरला असताना लांब शिट्टी झाली अन् केव्ह दारातून म्हणाला, "शॉर्ट कॉर्नर. देम." म्हणजे समोरच्यांना. मी गॅस बारीक केला. मैदानावर सगळं गप्प झालं. मला माहीत होतं आता काय होणार. मुखवटे बांधले असतील. बॉल सुटेल, अन् मुक्ता धावेल.

मी धाडची वाट बघत होतो. आयुष्यभर नळाचा आवाज यावा म्हणून कान लावून उभा राहिलो, तिथं पहिल्यांदा आवाज येऊ नये म्हणून उभा होतो.

टक्.

एवढंच. फळीचा आवाज आलाच नाही. मग गलका. केव्ह आत आला तो माझे दोन्ही खांदे धरूनच. "मूक्स! मूक्स!" कांदा करपला. टाकून दिला.

शर्ट

निकाल कळायला आठवडा गेला. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. मुक्ता आली अन् चिमटे हातात देऊ लागली. दोन शर्ट झाले, एक टॉवेल झाला.

"आबा, घेतलं त्यांनी मला."

मी टॉवेल झटकला. "मग ब्रिस्बेन?"

"नेक्स्ट इयर बघू. पगार देणार आहेत, आबा. थोडाच, पण हॉकीचा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ओला होता. ती तशीच उभी राहिली.

मग तिनं एक सांगितलं. त्यांच्यात रीत आहे. संघात नव्या आलेल्या खेळाडूला पहिल्या सामन्याआधी सगळ्या संघासमोर शर्ट देतात. शर्ट कुणाच्या हातून घ्यायचा ते खेळाडूनं सांगायचं. कुणी जुन्या खेळाडूचं नाव घेतं, कुणी आईचं.

"मी तुझं नाव दिलंय."

मी म्हटलं, "हा सत्कारच की मग!"

"आधी सिलेक्शन, मग सत्कार," ती म्हणाली. "ऑर्डर लक्षात ठेव."

ऑक्टोबरात पहिला सामना झाला, मेलबर्नलाच. ऊन होतं पण वारा बोचरा. मैदानाच्या कडेला सगळ्या पोरी गोल उभ्या राहिल्या. संजय, मीनल होते, अन् मुक्तानं बोलावलं म्हणून केव्हही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, ओळखूच येईना. शॅरननं मला बोलावलं. मग म्हणाली, दोन शब्द बोला.

निवृत्तीच्या दिवशीही मला दोन शब्द बोला म्हणाले होते. तेव्हा मी नुसते हात जोडून खाली बसलो होतो. ह्या वेळी मी बोललो. मराठीतच बोललो. सांगितलं की मी पाणी सोडणारा माणूस. पाणी गल्लीच्या शेवटच्या घरी सगळ्यात उशिरा पोचतं. तिथली बाई कळशी घेऊन उभी असते, आधी नुसती हवा येते, नळ फुसफुसतो, तिला वाटतं आज काही खरं नाही. तिथून हलायचं नसतं. आमची मुक्ता हलली नाही. अजून बरंच बोललो. शाळेचं, गुडघ्यांचं, बंदुकीचं.

सगळ्यांनी मुक्ताकडं पाहिलं, इंग्रजीत सांग म्हणून. ती चार शब्द बोलली. सगळ्या पोरी खो खो हसल्या.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, आबाचं अजून संपलं नाही, पण मॅच सुरू करायचीय."

मी शर्ट दिला. ती वाकली, बुटांसकट, सगळ्यांसमोर. डोळे पुसायला तिनं तो नवा शर्टच वापरला.

मग शॅरन एक पिशवी घेऊन आली. माझी शाल, अन् नारळ. ऑफिसच्या कपाटात होतं, आता परत तुमचं. नारळ कुणाला फोडता आला नाही, म्हणाली. नारळ मी मीनलकडं दिला, त्याच्या वड्या झाल्या. शाल हातात घेऊन मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडं बघत होते. शॅरन एक पाऊल मागं सरकली, खरंच सरकली. मुक्ता दातांतल्या दातांत म्हणाली, "आबा, नो!"

मी तिकडं गेलोच नाही. मी केव्हकडं गेलो अन् त्याच्या खांद्यावर शाल घातली. माझीच ती, पाण्याची शाल.

केव्ह गडबडला. "मेट, व्हॉट फॉर? आय डोन्ट पिक एनीबडी."

मुक्तानं मला त्याचं मराठी करून सांगितलं, आवाज भरलेला. तो म्हणतोय, मी तर कुणालाच निवडत नाही.

"म्हणूनच म्हणावं," मी म्हणालो. "अंधारात फाटक कोण उघडत होतं, ते माहीत आहे म्हणावं मला."

हे तिनं पूर्ण सांगितलं. एक शब्द गाळला नाही. केव्हनं टोपी काढली, पुन्हा घातली, अन् बराच वेळ फवाऱ्यांकडं बघत राहिला.

सामन्यात मुक्ता दुसऱ्या भागात उतरली. आम्ही दोघं म्हातारे शेजारी बसलो होतो. तिच्या बाजूनं बॉल फारसा आलाच नाही. समोरच्या पोरी एकदोनदा आल्या अन् मग दुसरीकडून जाऊ लागल्या. आमच्या पुढच्या रांगेतला एक माणूस बायकोला म्हणाला, ती नवी पोरगी काही करताना दिसत नाही. एवढं इंग्रजी मला आता कळतं.

केव्हनं माझ्याकडं पाहिलं, मी केव्हकडं. दोघंही हसलो नाही, पण बाक हलत होता. वारा वाढला, तसं त्यानं शालीचं एक टोक उलगडून माझ्या गुडघ्यांवर टाकलं.